"हा आवाज ह्यांचा नाही"

"कॉक्लिअर इम्प्लांट केलं, पण माणसाचा आवाज माणसाचा वाटतच नाही. ऑपरेशन फुकट गेलं का?" मोठेपणी ऐकू येणं गेलेल्या पेशंटकडून हा प्रश्न मी सतत ऐकते, आणि तोही बहुधा पहिल्या महिन्यातच.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याच्या तक्रारी तपासणारी. माझी बरीच वर्षं संशोधनात गेली. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये ऑपरेशन करून आतल्या कानात इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे स्पंद देणारी बारीक टोकं बसवतात, आणि ती ऐकण्याच्या नसेला चेतवतात. या इलेक्ट्रोडना एकदम नव्हे, आळीपाळीने स्पंद द्यायचे, ही पद्धत संशोधक ब्लेक विल्सन यांच्या गटाने १९९१ मध्ये मांडली. तिच्यातच मी रमले होते. गणित सुधारलं की तक्रार मिटेल, असं मला मनापासून वाटायचं.

मग काकू आल्या. नऊ वर्षं त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मशीन चालू केलं तेव्हा यजमानांनी विचारलं, "येतंय का गं ऐकू?" काकूंचा चेहरा पडला. "पत्र्याच्या डब्यातून कुणीतरी बोलतंय. हा आवाज ह्यांचा नाही."

मी समजावलं. निरोगी कानात साधारण ३,५०० आतल्या केसपेशी आवाज मेंदूकडे धाडतात. इथे ते काम १२ ते २२ इलेक्ट्रोडवर आहे. त्यांना पटलं, पण दिलासा मिळाला नाही. मॅपिंग, म्हणजे कोणत्या इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची याची जुळणी, तीनदा बदललं. शब्द ओळखण्याचे गुण वाढत होते आणि काकू मशीन काढून पर्समध्ये ठेवत होत्या.

चौथ्या भेटीत सहज विचारलं, "नातवाचा आवाज कसा येतो?"

"कसा म्हणजे? त्याचा येतो."

"डब्यातून?"

त्या थांबल्या. बोट कानामागच्या कॉइलवर गेलं. "नाही हो. तो तसाच बोलतो."

नातू पाच वर्षांचा. इम्प्लांटआधी त्यांनी त्याचा आवाज कधी ऐकलाच नव्हता!

मी पेन खाली ठेवलं. मशीन तेच, मॅपिंग तेच. नातवाच्या आवाजाला आठवणीतली जोडी नव्हती, म्हणून तो खरा होता. काकू दुःख करत होत्या ते नऊ वर्षांपूर्वीच्या एका आवाजाचं, आणि मी इलेक्ट्रोड तपासत बसले होते.

त्यानंतर यजमानांना रोज वीस मिनिटं वाचून दाखवायला सांगितलं. काकूंनी ओळीवर बोट ठेवून ऐकायचं. "आता मी काय म्हणालो, सांग" अशी परीक्षा अजिबात घ्यायची नाही. घरच्यांचा हा उत्साह पेशंटला दमवतो. मशीन सकाळी लावायचं ते झोपतानाच काढायचं, कारण मेंदू जुळवून घेतो तो तासन्‌तास ऐकूनच. त्याला महिने लागतात, काहींना वर्षही. मात्र आवाज टोचत असेल, दुखत असेल किंवा अचानक कमी झाला असेल, तर सवयीची वाट बघू नका, लगेच दाखवा.

सातव्या महिन्यात काकू माझ्यासमोर, दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. बाहेर कुणीतरी खोकलं.

"हे आले," त्या म्हणाल्या.

"आवाज पूर्वीसारखा वाटतो?"

"पूर्वीचा आता नीट आठवत नाही," काकू म्हणाल्या, आणि दाराकडे वळल्या.