रोबोट वावरेल असं घर आखायचं, तर शिकायचं काय?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहते. अकरावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. माणसं आणि घरकाम करणारे रोबोट सोबत राहतील अशी घरं डिझाइन करायची आहेत. आर्किटेक्चर घेऊ की इंजिनिअरिंग? बाबा म्हणतात, खेड्यात राहून हे कुठून जमणार, आणि फीचं काय?

उत्तर : आर्किटेक्चर घे. मोटार आणि सर्किटमध्येच जीव रमत असेल, तरच इंजिनिअरिंग. ‘रोबोटसाठी घरं आखणारा’ अशा नावाची नोकरी आज जाहिरातीत दिसणार नाही. सुरुवात आर्किटेक्टच्या ऑफिसात, इंटिरिअर किंवा होम ऑटोमेशनच्या कामातच होईल.

तयारी मात्र घरापासून करता येते. टेप घे आणि आलेखाच्या कागदावर १:५० प्रमाणात, म्हणजे १ मीटरला २ सेंमी धरून, घराचा नकाशा काढ. दारांची रुंदी, प्रत्येक उंबरठ्याची उंची, पलंगाखालची मोकळी जागा, प्लग कुठे आहेत, सगळं लिही. मग पुठ्ठ्याचा ३५ सेंमी व्यासाचा, १० सेंमी उंच गोल डबा कर. झाडणारा रोबोट साधारण एवढाच असतो. तो ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीवरून सरकवत ने आणि अडेल तिथे लाल खूण कर.

पहिली खूण उंबरठ्यावर पडेल. असे बरेच रोबोट जेमतेम २ सेंमी चढतात. ८ सेंमीच्या उंबरठ्याला १:१२ उताराचा रॅम्प द्यायचा तर ९६ सेंमी लांबी लागते, तीही दोन्ही बाजूंनी. एवढी जागा कुठे असते? म्हणून उंबरठे सरसकट काढायचे का? नाही. बाहेरच्या दाराचा उंबरठा पावसाचं पाणी आणि विंचू अडवतो, तो राहू दे. आतल्या खोल्या मात्र एका पातळीत आण. म्हाताऱ्या आजीलाही त्याचा तेवढाच उपयोग.

दुसरी अडचण डब्याने कळणार नाही. रोबोटच्या पोटाखालचे सेन्सर इन्फ्रारेड किरण सोडून परत येणारा प्रकाश मोजतात. काळी फरशी तो शोषून घेते, आणि समोर खड्डा आहे असं समजून यंत्र मागे फिरतं. वेचणीनंतर कापूस घरातच साठवला, तर त्याचे तंतू ब्रशच्या टोकांना गुंडाळून तो जाम होतो. त्या खोलीला वेगळं, बंद होणारं दार हवं. चार्जिंगची जागा टिनाखाली नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि लिथियम-आयन बॅटरी साधारण तेवढ्या तापमानापलीकडे चार्ज करायची नसते. आतली, सावलीतली भिंत बघ. या अडचणी तुझ्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. खेड्यात राहून काय जमणार, याचं उत्तर बाबांना हा नकाशा दाखवूनच दे.

आता प्रवेश. बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, ५ वर्षांची. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, म्हणून गणित सोडू नकोस. नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा आणि जेईई मेनचा आर्किटेक्चरसाठीचा पेपर २ए, दोन्ही दे; नागपूरच्या व्हीएनआयटीत जेईईवरूनच प्रवेश होतो. हाताने रेखाटनाचा सराव रोज हवा. सोबत आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड आणि एचसी-एसआर०४ हा ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर घेऊन अंतर मोजून बघ.

फीचं म्हणशील, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर करायचा. व्हीएनआयटी केंद्राची संस्था आहे, तिथले नियम वेगळे. बाबांना तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायला सांग. ऐन प्रवेशाच्या दिवसांत तिथे फार गर्दी असते.