भर बाजारातलं जुनं दुकान स्वतः चालवावं की रिटेल चेनला भाड्याने द्यावं? ऑनलाइनमुळे इंग्लंडमधलीही मोठी दुकानं बंद पडली, मग बाजार आता संपलाच ना?

प्रश्नातलं ते 'संपलाच ना' वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य आमचा दादा दर दिवाळीला फराळाबरोबर वाढतो. "ऑनलाइनने मारलं रे, नाहीतर आपलं भाडं अजून चालू असतं." तर आधी हे ऐका. ऑनलाइनने चेन मारल्या नाहीत. चेन मेल्या त्या भाड्याने आणि व्याजाने, आणि भर बाजारातली घरची दुकानं मेली ती गादीवर बसायला कोणी तयार नव्हतं म्हणून.

आमचं दुकान इंदूरला, एम.जी. रोडवर, राजवाड्याकडून रिगलकडे येताना. खाली दुकान, वर दोन मजले. आप्पांकडे, म्हणजे वडिलांकडे, माहेश्वरी, नऊवारी, खण, सोवळी, उपरणी, आहेराची पातळं. रामबाग, नारायण बाग, लोकमान्यनगर, सगळीकडची मराठी घरं बांधलेली. लग्न ठरलं की त्या घरची बाई येऊन बसायची आणि वीस-पंचवीस साड्या गाठोडं बांधून घरी न्यायची, पसंतीला. असा पसंतीला दिलेला माल म्हणजे जांगड; आप्पांची जांगड वही वेगळी असे, लाल कापडाची. दुसऱ्या दिवशी गाठोडं परत आलं की आप्पा साडी उलगडायचे नाहीत, नुसता घडीवरून हात फिरवायचे. आमच्या दुकानातली घडी काठ आत ठेवून पडायची. काठ बाहेर आला असेल तर साडी नेसून बघितली. काठाला हळदीचं बोट लागलं असेल तर साडी नुसती बघितली नाही, तिच्यात साखरपुडा उरकला. तेव्हा आप्पा काही बोलत नसत, त्या घराच्या नावापुढे एक बारीक टिंब देत, आणि पुढच्या वेळी त्या घरी भारी माल जांगड जात नसे. आज लोक मला सांगतात की ऑनलाइनवाले 'आवडलं नाही तर परत' देतात, दुकानदार काय देणार? त्यांना ही वही दाखवायला हवी. (ती आहे माझ्याकडे. दादाला रद्दीत घालायची होती.)

आप्पांचे गुडघे गेले तेव्हा दादाला दुकानात रस नव्हता आणि मी नोकरी सोडून बसायला तयार होतो. नेमका तोच काळ. ट्रेझर आयलंड मॉल एम.जी. रोडवरच उभा राहिला होता, आणि मॉलमध्ये जागा न मिळालेल्या किंवा तिथलं भाडं न परवडणाऱ्या कपड्यांच्या चेन रस्त्यावरची घरं शोधत फिरत होत्या. दलालांचे इतके फोन येत की वहिनीने फोनची तार काढून ठेवली होती. २००७ मध्ये एका चेनशी बोलणं पक्कं झालं. नाव घेत नाही. अट अशी की ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीवर टक्का, दोन्हींतलं जास्त असेल ते मिळणार. दादा त्या 'जास्त असेल ते'वर भाळला. विक्रीचा आकडा त्यांच्या कॉम्प्युटरमधून येणार आणि आपण तो तपासणार कसा, हा प्रश्न मी विचारला तर म्हणाला, "लिस्टेड कंपनी आहे, तुझं किराणा दुकान नाही."

करार नऊ वर्षांचा. बारकावा असा की आम्ही नऊ वर्षं त्यांना बाहेर काढू शकत नव्हतो, ते मात्र तीन वर्षांनंतर नोटीस देऊन केव्हाही जाऊ शकत होते. असल्या करारात हे सर्रास असतं आणि सर्रास कोणी वाचत नाही. मी एवढंच म्हणत होतो की वरचे दोन मजले द्या, खालचं दुकान ठेवू. दादा म्हणाला, त्यांना फ्रंटेज लागतं, वरच्या मजल्यावर शर्ट घ्यायला कोण चढेल? आप्पा म्हणाले, तुम्ही दोघं ठरवा. म्हणजे दादाने ठरवलं. सागवानी कपाटं मोडीत गेली, मधली भिंत पाडली, मागच्या चौकात जनरेटर आला.

पहिलं वर्ष झकास. दादाने गाडी घेतली. मग चेक पाच तारखेचा वीस तारखेला यायला लागला, मग "हेड ऑफिसने रिलीज केलं नाही" सुरू झालं. पण मला त्याच्या आधीच कळलं होतं, कारण मी कापडवाल्याचा मुलगा, मी भिंती बघतो. आधी एका दांडीला वीस शर्ट गच्च असत. मग दहा झाले, आणि ते दहा अंतर ठेवून लावलेले. मग शर्ट समोरून तोंड दाखवत टांगायला लागले, म्हणजे चार शर्टांत अख्खी भिंत भरते. साइज विचारा, नाही. आणि बारा महिने सेल. ज्याच्याकडे माल नाही तोच रोज सेल लावतो, कारण माल देणारे व्यापारी आता रोख मागायला लागलेले असतात. तिथला मॅनेजर उज्जैनचा पोरगा होता, त्याचाच पगार थकलेला. वहिनी त्याला सकाळचे पोहे द्यायची. एके दिवशी तोही आला नाही. शटरला कुलूप, आत माल, आणि विजेचं कनेक्शन आमच्या नावावर, म्हणून थकलेलं बिलही आमच्या नावावर. डिपॉझिट त्यात आणि वकिलात गेलं. ताबा मिळायला किती वेळ लागला ते लिहीत नाही, आप्पांना तो बघायला मिळाला नाही एवढं सांगतो.

आता वर्ष बघा. भाडं थांबलं २००९ मध्ये. फ्लिपकार्ट सुरू झालं २००७ ला, तेही पुस्तकं विकायला. ॲमेझॉनचं भारतातलं दुकान उघडलं २०१३ मध्ये. २००९ साली इंदूरमध्ये ऑनलाइन शर्ट कोण मागवत होतं? दादाला हे मी कागदावर लिहून दिलेलं आहे. तो म्हणतो, "सुरुवात तेव्हाच झाली होती." यावर काय बोलणार!

खरं कारण साधं होतं. उधारीच्या पैशावर, भाड्याच्या जागांत, श्वास न घेता दुकानं उघडली. २००८ च्या मंदीत बँकांनी हात आखडता घेतला आणि सगळं एकदम अंगावर आलं. आमचीच चेन असं नाही. सुभिक्षा या किराण्याच्या चेनची देशभर सोळाशेच्या आसपास दुकानं होती, २००९ मध्ये रोकड संपली आणि कारभार आटोपला. विशाल मेगा मार्ट चालवणारी विशाल रिटेल कर्जात बुडाली आणि २०११ मध्ये विकली गेली. आणि बिग बझारचं तर उदाहरण म्हणून शिकवावं असं आहे. बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर ग्रुपचा २४,७१३ कोटींचा तो रिलायन्सबरोबरचा सौदा, ॲमेझॉनची हरकत, सिंगापूरची लवादबाजी, हे सगळं पेपरात आलं. पण दुकानं हातातून गेली कशी? फ्युचरला घरमालकांचं भाडं देणं जमेना, तेव्हा रिलायन्सने बऱ्याच जागांचे करार स्वतःच्या नावावर करून घेतले आणि त्याच जागा पोटभाड्याने फ्युचरला वापरायला दिल्या. तेही भाडं थकलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पोटभाडं रद्द करून दुकानांचा ताबा घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एवढा मोठा पसारा शेवटी भाड्याच्या चिठ्ठीवर गेला.

तुम्ही इंग्लंडचं लिहिलंय म्हणून तेही सांगतो. डेबनहॅम्स ही मोठमोठ्या डिपार्टमेंट स्टोअरची १७७८ पासूनची पेढी. २००३ मध्ये गुंतवणूक कंपन्यांनी ती विकत घेतली. २००५ मध्ये स्वतःच्या २३ इमारती विकून टाकल्या आणि त्याच इमारतींत लांबच्या कराराने भाडेकरू होऊन राहिली. मालकांनी आपले पैसे काढून घेतले, कर्ज आणि भाडं पेढीच्या डोक्यावर. २०२१ मध्ये शेवटचं दुकान बंद झालं. ऑनलाइन आणि करोना होतेच, पण हे सगळं आधीच घडून गेलं होतं. त्याच देशात प्रायमार्क कपडे घरपोच पाठवत नाही आणि तरी त्याच्याकडे रांगा असतात. आपल्याकडे झुडिओ बघा, ऑनलाइनच्या नादाला न लागता गावोगाव उघडतंय. डीमार्ट शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान टाकतं आणि माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकवतं. २००२ मध्ये पवईला सुरू झालं, सावकाश वाढलं, आणि आमच्या इंदूरमध्येही रविवारी तिथे ट्रॉली मिळत नाही.

राजवाड्याच्या आसपास धनतेरसला येऊन बघा, पाय ठेवायला जागा नसते. सीतलामाता बाजारात लग्नसराईत बायका साड्यांच्या ढिगात दिसेनाशा होतात. हे बाजार का टिकले? यावर आमचे लोक 'ग्राहकाशी नातं' वगैरे बोलतात. नातं असतं, पण त्याआधी भाडं असतं. बरेच दुकानदार एक तर मालक आहेत किंवा मध्य प्रदेशच्या १९६१ च्या भाडे कायद्याच्या आधाराने जुन्या, नाममात्र भाड्यावर बसलेले. घरचीच माणसं कामाला. मंदी आली तर ते वर्षभर दात ओठ खाऊन बसू शकतात. चेनला एक महिना बसता येत नाही, पहिल्या तारखेला भाडं, पगार आणि हप्ता तिघेही दारात. म्हणून तुमची जागा स्वतःची असेल तर तुमच्या हातात ती गोष्ट आहे जी चेनकडे नाही. ती चेनला देऊन तुम्ही वर तिचे सावकार बनता, आणि तेही डिपॉझिटपलीकडे विनातारण. दादाला भाडं म्हणजे पेन्शन वाटायची. भाडं ही उधारी आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर मला तुमचं शहर, तुमचा माल, काहीच माहीत नाही. तरी स्वतः बसणारं माणूस घरात असेल तर चालवा. तुमचा थोरला भाऊ म्हणेल की एवढ्या मोक्याच्या जागेवर तू कापड कसलं विकतोस, भाडं दुप्पट येईल. त्याला विचारा, भाडेकरू पळाला तर कोर्टात कोण जाणार? आमच्याकडे मी जात होतो.

भाड्याने द्यायचंच ठरलं तर काही गोष्टी. करार रजिस्टर करा. बांधलेला काळ, म्हणजे ज्यात करार मोडता येत नाही तो, दोघांना सारखा ठेवा. वीज त्यांच्या नावावर नवीन मीटर घेऊनच. विक्रीवरचा टक्का हे गाजर समजा आणि किमान भाडं बघूनच निर्णय घ्या. आणि २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानंतर एक नवीन मेख आहे. कंपनीवर ती प्रक्रिया सुरू झाली की ती चालू असेपर्यंत घरमालकालाही जागा परत घेता येत नाही, आणि थकलेल्या भाड्यासाठी तुम्ही बँकांच्या मागे रांगेत उभे. हे वकिलाकडून नीट समजून घ्या, मी कापडवाला आहे.

ऑनलाइनने कोणाचंच काही बिघडवलं नाही असं मात्र माझं म्हणणं नाही, नाहीतर दादा हा लेख प्रिंट काढून मला दाखवेल. मोबाइल आणि पुस्तकांच्या दुकानांना खरंच मार बसला. खजुरी बाजारात मी लहानपणी पाहिलेली पुस्तकांची गर्दी आता शाळा उघडण्याच्या वेळीच दिसते. किराण्याला आता ती दहा मिनिटांत घरपोच आणणारी पोरं नडताहेत. तुमचा धंदा यातला असेल तर माझं निम्मं लिखाण सोडून द्या. आणि मी स्वतः ताबा मिळाल्यावर पुढच्या अर्ध्या भागात शिवलेल्या नऊवारी विकतो, त्यातल्या कितीतरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून पुण्याला कुरिअरने जातात. उरलेला अर्धा भाग दादाच्या वाट्याचा, त्याने मोबाइलवाल्याला दिलाय. भाडं वेळेवर येतं, हेही खरं.

पण जागा दोन-तीन मजली असेल तर वरचा मजला द्या, खालचं दुकान सोडू नका. वर क्लास, डेंटिस्ट, विम्याचं ऑफिस, कोणीही येतं. पळालं तरी तुमचं शटर उघडंच राहतं. अडचण एकच येते, जुन्या घरांत जिना दुकानाच्या आतून असतो. दादाचं तेव्हाचं शेवटचं कारण हेच होतं. जिना बाहेरून काढता येतो. मी तेव्हाच गवंड्याला बोलावून अंदाज घेतला होता, आणि तो त्या चेनच्या दोन महिन्यांच्या भाड्याहून कमी होता.