डीव्हीडी ड्राइव्ह नाही, मग विंडोज टाकायचं कसं?

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाहीये. विंडोज ११ची आयएसओ फाइल (म्हणजे इन्स्टॉल करायची सगळी डिस्क एकाच फाइलमध्ये) पेनड्राइव्हवर कॉपी केली पण लॅपटॉप तिच्याकडे बघतही नाही. काय करू?

उत्तर: अहो, नुसती कॉपी करून नाही चालत, पेनड्राइव्ह बूटेबल करावा लागतो, म्हणजे लॅपटॉप त्यावरूनच सुरू होईल असा. किमान ८ जीबीचा घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार तेव्हा फोटोबिटो आधी काढून ठेवा. आयएसओ तुमच्याकडे आहेच तर दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरा, पेनड्राइव्ह बूटेबल करून देतं, फुकट आहे, आणि मला तरी तेच बरं वाटतं कारण पेनड्राइव्हच्या एफएटी३२ या फॉरमॅटमध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही आणि विंडोजची मुख्य फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी असते, ती भानगड रूफस परस्पर निस्तरतं. मग लॅपटॉप चालू करतानाच बूट मेनूची (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ती यादी) की दाबत राहा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा, डेल-लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९. पार्टिशनच्या (डिस्कचे भाग दाखवणाऱ्या) स्क्रीनवर मात्र घाई नको, चुकीचं डिलीट मारलं की डेटा गेलाच म्हणून समजा. तिथे डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका, काही इंटेलवाल्या लॅपटॉपना आरएसटी ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारं इंटेलचं छोटं सॉफ्टवेअर) लागतो, तो कंपनीच्या साइटवरून घेऊन, एक्स्ट्रॅक्ट करून त्याच पेनड्राइव्हवर टाका आणि 'लोड ड्रायव्हर' दाबा.