कोनन द बार्बेरियन मूळचा कुठला, पुस्तकातला, कॉमिकमधला की सिनेमातला? आणि सुरुवात कुठून करावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सिनेमात तो लहानपणापासून गुलाम असतो, ते भलंमोठं चाक ढकलत ढकलत पैलवान होतो, पण मित्राने दिलेल्या कॉमिकमध्ये चाकाचा पत्ताच नाही, मग खरं काय. ते चाक 1987 पासून माझ्या घशात अडकलंय, त्यामुळे उत्तर लांबणार. घाईत असाल तर एवढंच घेऊन जा: चाक खोटं आहे.

आता रीतसर. कोनन हा काल्पनिक रानटी योद्धा पुस्तकातलाही नाही, मासिकातला आहे. टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स नावाच्या आडगावात रॉबर्ट ई. हॉवर्ड हा पोरगा आईवडिलांच्या घरी एका खोलीत टाइपरायटर बडवत बसायचा. 'वियर्ड टेल्स' मासिकाच्या डिसेंबर 1932 च्या अंकात कोननची पहिली गोष्ट आली. तीही कुल नावाच्या दुसऱ्याच राजाची, कुणी न घेतलेली गोष्ट दुरुस्त करून लिहिलेली. त्यामुळे गंमत अशी की वाचकाला कोनन पहिल्यांदा भेटतो तो चाळिशीचा, सिंहासनावर बसलेला, राज्यकारभाराला वैतागलेला. चोर, समुद्री चाचा, भाडोत्री शिपाई हे सगळं नंतर, उलटसुलट. हॉवर्डचं म्हणणं असं की भटक्या माणूस आपल्या आठवणी सांगतो तेव्हा कधी क्रमाने सांगतो का? पटतं. आमचे आजोबा रेल्वेतल्या नोकरीच्या गोष्टी तशाच सांगायचे, आधी निवृत्ती, मग भरती.

11 जून 1936 ला, आई बेशुद्धीत शेवटच्या घटका मोजत असताना, हॉवर्डने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय 30. मासिकाकडे त्याचे शेकडो डॉलर थकलेले होते. कोननच्या 17 गोष्टी त्या मासिकाने छापल्या, काही परतही केल्या.

आता मूळ दुखणं.

मी तेव्हा मिरजेत, नववीत. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे वजनावर इंग्रजी पुस्तकं मिळायची. त्यात मला एक जाडसर पेपरबॅक मिळालं. कव्हर गायब, पुढची काही पानं गायब, पाठीवर नुसतं 'कोनन' एवढंच वाचता येत होतं. डिक्शनरी घेऊन उन्हाळाभर त्यातली एकच गोष्ट वाचली, 'द टॉवर ऑफ द एलिफंट'. इतरही वाचल्या, पण ही पाठ झाली.

गोष्ट अशी. चोरांच्या वस्तीतल्या एका दारूच्या अड्ड्यावर सतरा वर्षांचा कोनन विचारतो, त्या मनोऱ्याला हत्तीचा मनोरा का म्हणतात, आणि तिथलं रत्न आजवर कुणी चोरलं कसं नाही? सगळे हसतात. रानटी पोर, त्याला काय कळतंय! हॉवर्ड तिथे एक वाक्य टाकतो, ते मी अजून लग्नकार्यात वापरतो: सुधारलेली माणसं रानट्यांपेक्षा जास्त उद्धट असतात, कारण उद्धटपणा केला तरी कुणी डोकं फोडणार नाही याची त्यांना खात्री असते. रात्री कोनन एकटाच जातो. बागेत एक जाडा, कसलेला चोर भेटतो, टॉरस. तो काळ्या कमळाची पूड फुंकून सिंहांना गार करतो. मेलेल्या बायकांच्या केसांचा वळलेला दोर टाकून दोघं वर चढतात. वर डुकराएवढा कोळी. टॉरस खलास. आणि कोळ्याला कसंबसं ठेचून कोनन पुढचं दार उघडतो.

आत संगमरवरी चौथऱ्यावर एक मूर्ती. हिरवट अंग, हत्तीचं डोकं, सुपाएवढे कान, दातांच्या टोकांना सोन्याचे गोळे. तेवढ्यात सोंड हलते. मूर्ती नाही, जिवंत आहे. आंधळं आहे. सोंड हवेत चाचपडत कोननच्या चेहऱ्यापर्यंत येते, त्याला शोधते, आणि त्या फुटक्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं. हातपाय मोडलेले, अंगावर डागण्या. आणि हा आडदांड पोरगा, जो पाचच मिनिटांपूर्वी रत्नासाठी जीव द्यायला निघालेला, तो शरमेनं आकसतो. सगळ्या मनुष्यजातीचं पाप आपल्याच माथी आलंय असं त्याला वाटतं. ते यॅग-कोशा, परग्रहावरून पंखांनी उडत आलेलं, पंख झडलेले. दूर पूर्वेच्या जंगलात लोक त्याची देव म्हणून पूजा करायचे. यारा नावाचा मांत्रिक शिष्य म्हणून आला, विद्या शिकला आणि गुरूलाच तीनशे वर्षं कैदेत ठेवून छळत बसला. यॅग-कोशा कोननला म्हणतो, माझं काळीज काप, रक्त रत्नावर सोड, आणि ते रत्न याराच्या पुढ्यात नेऊन ठेव. कोनन तसं करतो. यारा आकसत आकसत त्या रत्नात ओढला जातो, आणि आत, राईएवढा, पंख फुटलेला यॅग-कोशा त्याच्या मागे लागलेला दिसतो. पहाटे मनोरा कोसळतो. कोनन रिकाम्या हाताने चालू लागतो.

हे वाचून मिरजेतल्या पोराच्या अंगावर काटा येणार नाही तर काय होणार? गणेशोत्सवात आमच्या गल्लीच्या मंडळाची कथाकथन स्पर्धा होती. मी हीच सांगितली, मराठीत, माईकवर, हातवारे करून. सोंड तोंडावरून फिरते तिथे पुढे बसलेल्या आजीबाईंनी खरोखर पदर डोळ्यांना लावला. मग काळीज कापायचं आलं. परीक्षक होते गल्लीतले एक निवृत्त मास्तर. ते उठले आणि म्हणाले, "अरे, गणपतीपुढे बसून गणपतीलाच चोराकडून तलवारीने मारतोस होय रे?" मी म्हटलं, गणपती नाही हो, दुसऱ्या ग्रहावरचा आहे. लोक हसले. माझा आतेभाऊ, ज्याला अख्खी गल्ली दादा म्हणते आणि जो मंडळाचा खजिनदार होता, त्याने माईक बंद केला.

इथवरही ठीक होतं. पण दादानेच दुसऱ्या रात्री भाड्याने व्हिडिओ आणला, आणि तीन कॅसेटींपैकी एक कोनन. 1982 चा, अरनॉल्डवाला. पोरं एकदम खूष, "तुझा हत्ती येणार!" मी सगळ्यात पुढे. गुलामी आली, चाक आलं, मी म्हटलं असेल. मधेच काही भलतं दिसायला लागलं की दादा टीव्हीपुढे आडवा उभा राहायचा. मग आला मनोरा. रात्र, दोर, चढाई, वर रत्न, सगळं बरोब्बर! मी शेजारच्याच्या मांडीवर चापट मारली, आता बघ.

साप निघाला.

भलामोठा, रबरी, झोपलेला साप. रत्नाचं नावसुद्धा सापाचा डोळा. हत्ती नाही, सोंड नाही, कोननच्या चेहऱ्यावर कणव तर नाहीच. त्या रात्रीपासून दहावी होईपर्यंत मला गल्लीत 'हत्ती' म्हणायचे.

दादा सकाळी म्हणाला, तू थापा मारतोस, तो गुलाम होता, चाक ढकलून अंग कमावलेला, त्याला कसली आलीय दया? मी म्हटलं, पुस्तकात तो गुलाम नाहीच मुळी. दादाने पुस्तक मागितलं. इंग्रजी त्याचं बेताचं, पण पहिल्याच गोष्टीत त्याला 'चेन' शब्द सापडला. कोनन गुलामीतून पळालाय, हातात तुटकी साखळी, मागे लांडगे. बोट ठेवून त्याने मला दाखवलं. माझ्याच पुस्तकातून मी हरलो.

त्या हरण्याचा उलगडा व्हायला पंधरा-सोळा वर्षं लागली, आणि तुमच्या "इतका फरक का" या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. ती पहिली गोष्ट, 'द थिंग इन द क्रिप्ट', हॉवर्डची नव्हतीच. 1966 पासून अमेरिकेत लॅन्सर नावाच्या प्रकाशनाने कोनन पेपरबॅकमध्ये आणला. वर फ्रँक फ्रझेटाची चित्रं, ज्यामुळे तो कोपऱ्याकोपऱ्यावर विकला गेला. संपादक एल. स्प्रेग द कँप आणि लिन कार्टर. या जोडीने हॉवर्डच्या अर्धवट गोष्टी पुऱ्या केल्या, कोननच्या वयाप्रमाणे रांग लावली आणि मधे जिथे भोक दिसलं तिथे स्वतःच्या गोष्टी लिहून बुजवल्या. त्यातलीच ही एक. लेखकांची नावं छापलेली होती म्हणा, पण माझ्या प्रतीची पुढची पानं रद्दीत, आणि नववीतल्या पोराला नावं वाचायची अक्कल नसते. सिनेमातली लांडगे मागे लागलेत आणि थडग्यात तलवार सापडते ती जागाही याच गोष्टीवरून उचललेली. म्हणजे दादाचा पुरावा आणि दादाचा सिनेमा, दोन्ही एकाच नकलेतून आलेले!

बाकी जॉन मिलियस आणि ऑलिव्हर स्टोन यांनी जी पटकथा लिहिली ती म्हणजे मिसळ आहे. खलनायक थुल्सा डूम कुलच्या गोष्टीतला. झाडावर खिळून ठेवणं आणि गिधाडाचा गळा चावणं 'अ विच शॅल बी बॉर्न'मधलं. मेलेल्या प्रेयसीने परत येऊन वाचवणं 'क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट'मधलं, फक्त तिथे ती बेलित आहे, सिनेमात व्हॅलेरिया. मनोरा घेतला आणि त्यातला जीव काढून टाकला. 1984 च्या दुसऱ्या भागाबद्दल आणि 2011 च्या जेसन मोमोआवाल्याबद्दल मी लिहिणार नाही, रक्तदाब आहे.

कॉमिकवाले त्या मानाने प्रामाणिक. मार्व्हलने ऑक्टोबर 1970 मध्ये सुरू केलं. लेखक रॉय थॉमसने अंकामागे 200 डॉलर हक्कासाठी कबूल केले, ते ठरलेल्या पैशापेक्षा जास्त झाले, म्हणून महागडा चित्रकार जॉन ब्युसेमा परवडेना आणि बॅरी स्मिथ या नवख्या इंग्रज पोराला घेतलं. नशीब बघा! चौथ्याच अंकात त्यांनी हत्तीचा मनोरा केला, हत्तीसकट. तो अंक मी 2009 मध्ये स्कॅनवर पाहिला आणि ऑफिसात बसून मिरजेला फोन लावला. पंचविसाव्या अंकापासून ब्युसेमा आला आणि ते मासिक 275 अंक चाललं, 1993 पर्यंत. तुमच्या मित्राकडचं कृष्णधवल असेल तर ते 'सॅव्हेज स्वोर्ड', 1974 चं, मासिकाच्या आकारात. त्या आकाराला कॉमिक्सची सेन्सॉर नियमावली लागत नसे, म्हणून रक्त आणि बायका जास्त. पेन्सिलीच्या चित्रांवरची शाई बऱ्याचदा अल्फ्रेडो अल्काला किंवा अर्नी चॅन या फिलिपिनो कलाकारांची. अल्कालाची पानं भिंग घेऊन बघा, एकेका दगडावर माणसाने जीव ओवाळून टाकलाय.

सुरुवात कुठून? मनोऱ्यापासून, अजून काय सांगू! मग 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल'. ती आपल्याकडचीच आहे. वेंध्या नावाचा देश, राजधानी अयोध्या, लढणारे क्षत्रिय, 'देवी' म्हणवणारी राणी यास्मिना आणि खैबरची आठवण करून देणारी झैबर खिंड. हॉवर्ड हिंदुस्थानात कधी आला नव्हता, नकाशे आणि साहसकथा वाचून त्याने हे रचलं, ते दिसतं, तरी मजा येते. विकत घेताना डेल रे प्रकाशनाचे तीन खंड घ्या, पहिला 2003 चा. त्यात फक्त हॉवर्ड आहे, त्याच्या मूळ मजकुरासह, लिहिलेल्या क्रमाने. आणि कुणी नातेवाईक म्हणाला की कोनन म्हणजे बिनडोक पैलवान, तर त्याला सांगा की मूळचा कोनन बऱ्याच भाषा बोलतो, सैन्य चालवतो, जिरेटोप-चिलखत घालतो, आणि लंगोटावर वर्षभर फिरत नाही.

थोडं पाणी घालतो आता. हॉवर्डमध्ये काळ्या माणसांबद्दल जे लिहिलंय ते काही ठिकाणी वाचवत नाही, 'त्या काळी तसंच होतं' म्हणून सोडून देऊ नका. बायका बऱ्याचदा किंचाळायला ठेवलेल्या, बेलित आणि 'रेड नेल्स'मधली व्हॅलेरिया वगळून. आणि सिनेमाला बॅसिल पोलेडुरिसने दिलेलं संगीत अस्सल आहे, ते मी गाडीत लावतो. दादाला हे ठाऊक नाही.

दादाला आणखी एक गोष्ट ठाऊक नाही. मरण्याच्या तीनेक महिने आधी, मार्च 1936 मध्ये हॉवर्डने एका वाचकाला पत्र लिहून कोननचं वयवार चरित्र सांगितलं. त्यात कोनन उत्तरेच्या लढाईत हायपरबोरियन नावाच्या लोकांच्या हाती सापडतो आणि तिथून निसटून दक्षिणेला चोरांच्या गावात येतो, म्हणजे थेट माझ्या मनोऱ्याच्या गोष्टीत. द कँप आणि कार्टरने साखळी हवेतून आणली नव्हती. काही काळ तो कैदेत होता, हे खुद्द हॉवर्डचं.

हे पत्र त्या खंडांबरोबरच माझ्या वाचनात आलं. मिरजेला मी दर गणपतीत जातो, दर वर्षी वाद होतो, आणि दर वर्षी मी याबद्दल गप्प बसतो. दादा आता मोबाइलवर सगळं वाचतो, हेही वाचेल कदाचित. तर दादा, साखळी तुझी. चाक मात्र नव्हतं, आणि हत्ती होता.