वाचकांचे प्रश्न : काम भरपूर, मग पैसा जातो कुठे?

प्रश्न : मी सुदामानगरला राहतो, इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे, आठ वायरमन हाताखाली आहेत. सुपर कॉरिडॉर, निपानिया, बिचोली इकडे कामं चालूच असतात, रिकामा कधी बसत नाही, तरी पगाराच्या तारखेला बायकोच्या खात्यातून पैसे काढावे लागतात. वायरमनला सरासरी २४,००० पगार देतो. रेट काढताना त्याची दिहाडी धरून वर २०% टाकतो, सगळे तसंच करतात. गोडाऊनचं भाडं, गाड्या, पेट्रोल, अकाउंटंट आणि मी घरखर्चाला घेतो ते मिळून महिन्याला ८०,००० जातात. मध्ये विजयनगरच्या एका हॉटेलात बिझनेस कोचिंगचा फ्री सेमिनार झाला, तिथे वर्षाचं पॅकेज पावणेदोन लाखांचं सांगितलं. अजून भरले नाहीत, पण रोज फोन येतोय. घेऊ का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : दादा, आत्ता नका भरू. कोचिंग वाईट असं मी म्हणत नाहीये, चांगला माणूस मिळाला तर ठेकेदाराची गाडी रुळावर येते, पण तुमचा पैसा कुठे जातोय हे तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवलंय, ते आधी बघू.

२४,००० भागिले महिन्याचे २६ कामाचे दिवस म्हणजे दिवसाला ९२३ रुपये, त्यावर २०% टाकले की ११०८. हा तुमचा रेट. आता सांगा, तुमचा वायरमन महिन्यातले २६ही दिवस बिल लावता येईल असं काम करतो का? स्लॅब पुढे ढकलला म्हणून पाइपिंगवाले बसून राहिले, प्लास्टर ओलं म्हणून बॉक्स लावता आले नाहीत, मॅडमनी स्विचचा रंग ठरवला नाही, जोराचा पाऊस लागला, रंगपंचमीला गेर (रंगाची मिरवणूक) निघाली की साइटवर कोण येतंय, आणि लग्नसराईत गावी गेलेली पोरं सांगितलेल्या दिवशी परत येतात थोडीच. २० दिवस धरा, तेही बऱ्या महिन्यात. पगार तर पूर्ण जातो, म्हणजे एक दिवस पडला १२०० ला. आठ जणांचे मिळून झाले १६० दिवस, तुमचे वरचे ८०,००० त्यांच्यावर वाटले की दिवसामागे आणखी ५००. म्हणजे एका माणसाचा एक दिवस तुम्हाला पडतो १७०० ला आणि तुम्ही विकताय ११०८ ला! यात नफ्याचा एक पैसाही अजून धरलेला नाही. ५९२ गुणिले १६० करा, जवळजवळ ९५,००० होतात. बायकोच्या खात्यातून जातंय ते हेच.

पॉइंटच्या रेटने, म्हणजे दिवा, पंखा, प्लग अशा एकेका जागेच्या हिशेबाने, काम घेत असाल तरी आत गणित हेच असतं, एक जोडी दिवसाला किती पॉइंट काढते यावर तो रेट उभा असतो.

तुम्ही म्हणाल मग इतकी वर्षं धंदा चालला कसा? माझ्या मते मटेरियलवर चालला. वायर, एमसीबी, डीबी, पाइप तुम्ही आणायचात, डीलरचा डिस्काउंट तुमच्याकडे राहायचा आणि लेबरचा खड्डा त्यातून भरून निघायचा, त्यामुळे तो दिसलाच नाही कधी. आता पार्टी स्वतः महाराणी रोडच्या इलेक्ट्रिक बाजारात जाते किंवा मोबाइलवर भाव बघून माल मागवते आणि तुम्हाला म्हणते फक्त लेबर सांगा. लेबरचा रेट मात्र जुनाच राहिला. गेल्या काही वर्षांत कितीतरी ठेकेदारांचं हेच झालंय, माणसं मेहनती आहेत, काम चोख आहे, आणि रात्री झोप नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे आळसामुळे झालेलं नाही.

मग करायचं काय? नुकती संपलेली तीन कामं घ्या, एक लहान, एक मोठं आणि एक जे त्रासाचं गेलं. प्रत्येकात माणसांचे किती दिवस गेले ते हजेरीच्या वहीतून काढा आणि १७०० ने गुणून त्या कामाच्या लेबरचे जे पैसे आले त्यांच्याशी ताडून बघा. कुठलं काम खरंच सुटलं आणि कुठलं अंगावर आलं ते एका संध्याकाळी कळेल. माझा अंदाज, लहान दुरुस्त्या आणि जुन्या घरांची रिवायरिंग सुटत असेल आणि ज्या मोठ्या बिल्डरच्या कामाचा तुम्हाला अभिमान आहे तेच खात असेल. जुन्या शब्दाची कामं जुन्या रेटने पुरी करा, नवीन कोटेशन मात्र नवीन रेटने. काही पार्ट्या जातील. जाऊ द्या, माणसाला ११०८ ला विकून जे काम मिळतं ते गेलेलंच बरं.

आणि सूट देताना हात आखडता घ्या. लाखाचा खर्च आहे, २०% लावून एक लाख वीस हजार सांगितले, पार्टी म्हणाली दहा टक्के कमी करा, तुम्ही संबंध म्हणून केले. १२,००० गेले, राहिले ८,०००. दहा टक्क्याच्या नावाखाली नफ्यातला ६०% गेला. कमी करायचंच असेल तर कामातून काहीतरी कमी करा, दोन पॉइंट, फॅन्सी लाइट बसवून देणं, काहीही, पण रेट तोच ठेवा.

हे झाल्यावर कोचकडे जा, आणि त्याला तुमची ही तीन कामं दाखवा. तो त्यात घुसला, विचारायला लागला की भिंतीत झिऱ्या (पाइपसाठी खाचा) मारायला इतके दिवस का लागले, पहिलं बिल इतक्या उशिरा का गेलं, तर माणूस कामाचा आहे. तो मोठी स्वप्नं आणि माइंडसेट यावरच बोलत राहिला तर चहा पिऊन परत या. त्याने आधी ज्या ठेकेदारांबरोबर काम केलंय अशा दोघांशी तुम्ही स्वतः फोनवर बोला. फी महिन्याच्या महिन्याला द्या, वर्षाची एकदम नाही. कोचचा खरा उपयोग मला विचाराल तर एवढाच आहे की दर सोमवारी कोणीतरी बाहेरचा माणूस तोंडावर विचारतो, गेल्या आठवड्याची बिलं गेली का, वसुली किती आली, आणि तुम्ही स्वतः किती तास साइटवर पक्कड घेऊन उभे होतात. हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण मालकच सगळ्यात चांगला वायरमन असला की कोटेशन रात्री अकराला बनतात आणि बिलं राहून जातात. पोलोग्राउंडला केंद्राच्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग खात्याचं ऑफिस आहे, तिथे लहान उद्योगांसाठी काय कार्यक्रम चालू आहेत तेही पावणेदोन लाखांआधी विचारून या.

प्रश्न : माझे मिस्टर टाइल्स-मार्बल फिटिंगचं काम मटेरियलसकट घेतात, हिशेब मी बघते. एका बिल्डरकडे ५ लाखांचं बिल चार महिन्यांपासून अडकलंय. आधी म्हणाले मोजमाप तपासायचंय, आता म्हणतात फ्लॅट विकले की देऊ. आमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे. काही करता येईल का?
— एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : ताई, उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे हे चांगलं आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही, आणि काहीच लिहिलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. दाद फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा अडकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, मागायची, अर्ज ऑनलाइन होतो. पण एक अडचण आहे आणि ती आधीच माहीत असावी. मटेरियल आणि लेबर एकत्र असलेल्या वर्क्स काँट्रॅक्टला हा कायदा लागतो की नाही यावर कोर्टांनी वेगवेगळे निकाल दिलेत. म्हणून वर्क ऑर्डर आणि उद्यम सर्टिफिकेट घेऊन एकदा वकिलाला दाखवा, रजिस्ट्रेशन वर्क ऑर्डरच्या आधीचं आहे की नंतरचं तेही तो बघेल, मगच पुढे जा. बऱ्याचदा मुदत आणि व्याजाचा आकडा लिहिलेलं एक साधं रजिस्टर्ड पत्र गेलं तरी बिल्डरचा अकाउंटंट जागा होतो.

पुढच्या कामापासून मात्र दोन गोष्टी पक्क्या करा. मोजमापाचा कागद खोलीगणिक, काम संपेल त्याच दिवशी, साइट इंजिनिअरच्या सहीने. सही नाही तर पुढच्या मजल्यावर माल चढवायचा नाही, इथे मिस्टरांना भीड पडेल पण तुम्ही पडू देऊ नका, सहा महिन्यांनी फरशीखाली काय होतं यावर वाद घालण्यात कोणाचंच भलं नाही. दुसरं म्हणजे टॅक्स इनव्हॉइस. ते काढलं की ५ लाखांवर १८% म्हणजे ९०,००० जीएसटी लागतो, मालावर आधीच भरलेला जीएसटी (इनपुट) वजा जाऊन जो राहील तो पुढच्या महिन्यात तुमच्या खिशातून जातो, बिल्डरने दमडी दिलेली नसली तरी. म्हणून आधी साधं रनिंग बिल, म्हणजे तोवर झालेल्या कामाचा हिशेब, द्या, ते तपासून मंजूर झालं की लगेच टॅक्स इनव्हॉइस काढा, आणि टप्पे लहान ठेवा, म्हणजे ५ लाख एकदम अडकणार नाहीत. रिटेन्शन, म्हणजे बिलातून काही काळ मागे ठेवलेली रक्कम, कापणार असतील तर किती टक्के आणि कुठल्या तारखेला परत, हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

प्रश्न : बाबांचं पेंटिंगचं काम आहे, मी कॉलेज संपवून त्यांच्याबरोबर लागलोय. ते काहीच लिहून देत नाहीत, म्हणतात आपला शब्द चालतो. शेवटी दर वेळी स्क्वेअर फुटावरून भांडण होतं.
— एक तरुण वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : अरे, बाबांचा शब्द चालतो हे खरंच असेल, त्यांच्याशी त्यावर वाद घालू नकोस. तू फक्त मोजायची पद्धत काम सुरू व्हायच्या आधी पार्टीला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव, भांडण बहुतेक तिथेच असतं, दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही. यासाठी आयएस १२०० नावाचं भारतीय मानक आहे, त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगची वजावट होत नाही, आणि अर्धा ते तीन चौरस मीटरचं ओपनिंग असेल आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखाच रंग असेल तर एकाच बाजूची होते. पार्टीला तेच सांग, हे आमच्या मनचं नाही म्हणून. आणि वाढीव काम, म्हणजे कपाटाच्या आतली पुट्टी, गॅलरीची ग्रिल, असलं काही निघालं की ब्रश लावायच्या आधी मेसेज टाकायचा : “काकू, ग्रिलला दोन हात ऑइल पेंट, इतके रुपये, करू का?” काकूंचं “हो” आलं की तो मेसेज बाबांना दाखव आणि मगच डबा उघड.