जुन्या मारुती ८०० ची ड्रायव्हर सीट बसली आहे. कुशनवाला म्हणतो वरून जाड कव्हर टाका. चालेल का?

नाही. कव्हरने खड्डा झाकला जातो, भरत नाही. त्यात कव्हरावर कव्हर चढवून बसायची उंची वाढते, मांडी स्टिअरिंगला लागते आणि खड्डा आहे तिथेच राहतो.

आधी सीट बाहेर काढून उलटी करा. बऱ्याचदा फोम वरून ठीक असतो आणि खालून स्प्रिंगांनी कापलेला असतो. निखळलेली स्प्रिंग परत अडकवा आणि फोम व स्प्रिंगांच्या मध्ये गोणपाट किंवा नमदा (जाड फेल्ट) घाला. हा थर नसेल तर नवा फोमही तसाच चिरत जातो. नव्या फोमचे पैसे घेऊन दहा रुपयांचं गोणपाट वाचवणारे कारागीर मला कधी कळले नाहीत.

आता दाराकडची कड. चढता-उतरता आख्खं वजन तिच्यावर येतं, म्हणून ती सगळ्यात आधी मरते. तिथे चिंध्या कोंबू नका, गोळे होतात. भुगा झालेला भाग निरोगी फोम लागेपर्यंत सपाट कापून काढा. ४० डेन्सिटीचा फोम घ्या. सोफ्याच्या गादीचा हलका फोम लवकरच पापड होतो. तुकडा सेंटीमीटरभर मोठा ठेवा, म्हणजे कव्हर ताणलेलं बसेल. फेव्हिकॉल एसआर ९९८ हे रबरी सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटेनासं झालं की दाबा. कडेचे दोन सेंटीमीटर कोरडे सोडा, कारण वाळलेल्या सोल्युशनची कडक रेघ बसताना टोचते. घासून आकार देणं चिकटवल्यानंतर, हॅकसॉच्या लांब पात्याने.

रिबॉन्डेड फोम, तो रंगीबेरंगी तुकड्यांचा, फार तर तळाला पातळ थर म्हणून. वर लावलात तर पाटावर बसल्यासारखं वाटेल.

कव्हर चढवताना त्याच्या मधल्या खाचेतली तार फोममधल्या तारेला रिंगांनी बांधायची. ती खाच सोडून दिली की सीट मध्येच फुगते आणि शिवण उसवते. रिंगांऐवजी केबल टाय चालतात, पण शेपूट मुळापासून कापा, नाहीतर टोचते. रेक्झिन कडक असेल तर आधी तासभर उन्हात ठेवा.

हे सगळं साध्या सीटचं. नव्या गाडीच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग किंवा माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असू शकतो, तिथे हात घालू नका. सोल्युशन पेट घेतं, बंद खोलीत काम नको. अँबॅसडर, पद्मिनीच्या काथ्याच्या सीटचा हिशेब वेगळा.

कुशनवाल्याकडेच द्यायची असेल तर एक अट घाला: कव्हर चढवण्याआधी मला बोलवा. एकदा रिंगा लागल्या की आत काय भरलंय ते कोणालाच दिसत नाही, आणि हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.