मुंबई–गोवा क्रूझवर मुलांना बोट लागू नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न असा, की दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून क्रूझनं गोव्याला यायचंय, बरोबर आठ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. मुलाला ताम्हिणी घाटातसुद्धा गाडी लागते. मग औषध द्यायचं का, कुठलं द्यायचं, आणि एवढं करूनही उलट्या झाल्याच तर काय?

मी पणजीत औषधांचं दुकान चालवते. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तेव्हा डोस ठरवायचा तो तुमच्या बालरोगतज्ज्ञांनीच. पण त्यांच्याकडे कधी जायचं आणि काय विचारायचं ते मी नक्की सांगू शकते.

आधी सगळ्यात मोठा घोळ निस्तरूया. मोसमात दुकानात येणारे आईवडील काउंटरवर हात टेकून म्हणतात, "मुलांसाठी उलटीचं सिरप द्या, उद्या बोटीवर जायचंय." त्यांच्या मनात असतं ते ओन्डान्सेट्रॉन, जे बहुतेक घरांत फ्रिजच्या दारात पडलेलं असतं. पोटाच्या संसर्गात ते छान काम करतं. बोट लागते तेव्हा करत नाही, कारण इथे बिघाड पोटात नसतो. आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय मेंदूला सांगत असतं की आपण हलतोय. डोळे खोलीच्या स्थिर भिंतीकडे बघून सांगतात की नाही, आपण जागच्या जागी आहोत. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. ती थांबवायला मेंदूपर्यंत पोहोचणारं आणि थोडी गुंगी आणणारं जुन्या पिढीचं अँटिहिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीवरच्या औषधांच्या गटातलं औषध, लागतं. डोमपेरिडॉन हे उलटीवरचं आणखी एक औषध, त्याचंही ओन्डान्सेट्रॉनसारखंच, इथे उपयोग नाही. आणि सर्दीवरचं, झोप न आणणारं नवं औषध घरात आहे म्हणून तेच द्यायचं, तर त्याचाही इथे फारसा उपयोग नाही.

मुलांसाठी डॉक्टर साधारणपणे डायमेनहायड्रिनेट या अशाच जुन्या अँटिहिस्टामाइनचा विचार करतात. ते २ वर्षांपुढच्या मुलांना वजनाप्रमाणे देतात, एका वेळी दर किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम, प्रवासाच्या तासभर आधी. सिनारिझिन ५ वर्षांपुढच्यांना, आणि ते साधारण २ तास आधी द्यावं लागतं. प्रोमेथाझिन २ वर्षांखालच्या मुलांना अजिबात द्यायचं नाही, कारण श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्याहून मोठ्यांनाही ते डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. परदेशातून आलेला एखादा काका कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी घेऊन येतो आणि "अर्धी कापून लावा पोराला" म्हणतो. असं करू नका. ती मोठ्या माणसांसाठी असते, आणि कापली की औषध किती अंगात जाईल याचा नेम राहत नाही.

वेळ फार महत्त्वाची. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं, गोळी आत तशीच पडून राहते किंवा उलटीबरोबर बाहेर येते. म्हणून औषध जहाज धक्क्याला असतानाच पोटात गेलेलं हवं. आणि ते आयुष्यात पहिल्यांदा जहाजावर देऊ नका. एखाद्या रविवारी घरी, डॉक्टरांना विचारून, एक डोस देऊन बघा. बहुतेक मुलं पेंगतात, पण काही मुलं उलट चेकाळतात, रडतात, भिंतींवर चढायची बाकी राहतात. हे घरच्या हॉलमध्ये कळलेलं बरं.

दिवाळीत थंडीची चाहूल लागलेली असते आणि नाक गळत असतं, म्हणून आणखी एक सांगते. सर्दीच्या अनेक सिरपांमध्ये क्लोरफेनिरामिन असतं. तेही अँटिहिस्टामाइनच. ते आणि बोटीचं औषध एकाच दिवशी दिलंत तर गुंगी दुप्पट. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) यांचं जोडऔषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच स्पष्ट केलंय, तेव्हा तुमच्या मुलीसाठी ते तसंही बाद.

मुलीबद्दल म्हणाल तर मी एवढी घाबरणार नाही. २ वर्षांखालच्या बाळांना बोट सहसा लागत नाही. त्यानंतर त्रास वाढत जातो आणि बारा वर्षांपर्यंतची मुलं सगळ्यात जास्त बेजार होतात. तीन वर्षांची मुलगी त्या वयाच्या दारात उभी आहे असं समजा. तिला गाडी लागत नसेल तर डॉक्टर बहुधा काहीच देणार नाहीत. तुमचा मुलगा मात्र ऐन वयात आहे, आणि घाटाचा इतिहासही आहे. घरात कुणाला अर्धशिशी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्या घरातल्या मुलांना हा त्रास जास्त दिसतो.

आता खोली. इथे एक मजा आहे, जी बुकिंग करून देणारे सहसा सांगत नाहीत. सगळ्यात महाग, वरच्या मजल्यावरच्या, टोकाच्या, बाल्कनीवाल्या खोल्या सगळ्यात जास्त हलतात. जहाज मधोमध आणि खाली सगळ्यात कमी हलतं. म्हणून खालचा मजला, जहाजाच्या मध्यभागी, आणि जमलं तर खिडकीची खोली मागा. खोलीचा नंबर आधी न सांगणारं स्वस्त तिकीट घेऊ नका. मोठ्या जहाजाला बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूचं कलणं बरंच कमी होतं. जहाजाचं पुढचं टोक वर-खाली होतं त्यावर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही.

हवामान तुमच्या हातात नाही, पण महिना आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र इथे बहुतेक शांत असतो. दिवाळी ऑक्टोबरअखेर आली तर मात्र सावध राहा, पावसाळ्यानंतरची चक्रीवादळं याच काळात होतात. २०१९ च्या दिवाळीतच ‘क्यार’ वादळ आलं होतं आणि गोव्यात पणत्या पावसात भिजल्या होत्या. निघायच्या दोन-तीन दिवस आधीपासून हवामान खात्याबरोबर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाजही बघत जा, तिथे लाटांची उंची मीटरमध्ये दिलेली असते.

जहाजावर चढल्यावर पोरांना थेट बुफेत सोडू नका. रिकामं पोट वाईट आणि तुडुंब भरलेलं त्याहून वाईट. मऊ भात, इडली, टोस्ट, केळं, थोडं थोडं. छोले-भटुरे आणि आइस्क्रीम दुसऱ्या दिवसासाठी राहू द्या. मुलाला मोकळ्या हवेत, मधल्या भागात, जहाज चाललंय त्या दिशेला तोंड करून बसवा आणि क्षितिजाकडे बघायला लावा. जहाजं मोजायची, दीपगृह शोधायचं, असले खेळ यासाठी उत्तम. मोबाइल, पुस्तक, आणि खिडकी नसलेल्या खोलीतले व्हिडिओ गेम पूर्ण बंद. यावर घरात भांडण होणारच, ते निघण्याआधी उरकून घ्या.

आल्याबद्दल सगळे विचारतात. आलेपाक चघळायला द्या, काही मुलांना बरं वाटतं. पुरावा संमिश्र आहे, थोड्या प्रमाणात तोटा नाही. लिंबू हुंगायला देणं हेही तसंच. मनगटावर बांधायचे दाब देणारे पट्टे मी स्वतः विकते, तरी सांगते की त्यांच्यावर फार विसंबू नका.

लहान मुलं "मळमळतंय" असं क्वचितच सांगतात. ती "पोट दुखतंय" म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत. बडबड्या मुलगा अचानक गप्प झाला, सारखी जांभई देतोय, चेहरा पांढरा पडलाय, कपाळावर थंड घाम आलाय, तोंडात लाळ सुटलीय, तर उलटी पंधरा मिनिटांवर आली असं धरून चाला. लगेच आडवं करा, डोळे मिटायला सांगा, डोकं उशीवर स्थिर ठेवा. अशा वेळी झोप लागली तर तिच्यासारखं औषध नाही. आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. उलटी आली म्हणून मुलाला कठड्यापाशी नेऊन वाकवू नका, जहाजावरही नाही आणि छोट्या बोटीवर तर मुळीच नाही. भोकं नसलेल्या पिशव्या खिशात ठेवा, प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात दोन.

उलटी झालीच तर दहा-पंधरा मिनिटं काही देऊ नका, फक्त चूळ. मग ओआरएस, चमच्या-चमच्यानं, दर पाच मिनिटांनी एक चमचा. तहान लागली म्हणून मूल पेला मागतं, आई देते, आणि तो पेला तसाच्या तसा परत येतो. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्या, आणि लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच मिसळा. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये मनाईच केली. दोन तास काही बाहेर आलं नाही की मऊ भात किंवा पेज.

जहाजावर डॉक्टर असतात, त्यांच्याकडे जायला लाजू नका. आठ तास लघवी झाली नाही, मूल सुस्त पडलं आणि हाक मारल्यावर नीट बघत नाही, उलटीत रक्त किंवा हिरवा रंग आहे, ताप, जोरदार डोकेदुखी किंवा जुलाब आहेत, तर थेट जा. जुलाब असतील तर ते बोटीमुळे नाहीत. जहाजांवर नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू पटकन पसरतो, आणि त्याच्यावर हाताला लावायचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. जेवणाआधी साबण आणि पाणीच. जहाज गोव्यात मुरगाव बंदराला लागल्यावरही उलट्या थांबल्या नाहीत तर १०८ ला फोन करा, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज तिथून फार लांब नाही.

आता गोव्यात उतरल्यावर. तुम्ही डॉल्फिन बघायलाही जाणार म्हणता. खरं सांगायचं तर मोठ्या जहाजापेक्षा मला त्या छोट्या बोटींची जास्त काळजी वाटते. सिकेरी किंवा कोको बीचवरून बोट सुटते, चालू असताना मुलं मजेत असतात. मग डॉल्फिन दिसतात, बोटवाला इंजिन मंद करतो, बोट जागच्या जागी डुलायला लागते, डिझेलचा धूर वर येतो आणि आई म्हणते, "बाळा, फोटो काढ ना!" पोरगं वाकून मोबाइलच्या पडद्यात बघतं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. जायचंच असेल तर सकाळी जा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी उसळायला लागतं. मुलाला इंजिनापासून लांब बसवा, लाइफ जॅकेट नीट बांधा, फोटो तुम्हीच काढा.

सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळी मांडवीत फिरणाऱ्या बोटी नदीतच असतात, तिथे सहसा त्रास होत नाही. मात्र मांडवीत लागली नाही म्हणून समुद्रात लागणार नाही, असा हिशेब मांडू नका.

जहाजातून उतरल्यावरही मुलाला काही तास जमीन हलतेय असं वाटू शकतं. ते आपोआप जातं. म्हणून त्याच दिवशी कुळ्याहून जीपनं दूधसागरला जायचा बेत ठेवू नका, तो रस्ता धडधाकट माणसाचंही पोट ढवळतो. पहिला दिवस किनाऱ्यावर, वाळूत. आणि तिकिटं अजून काढली नसतील तर गोव्याला येतानाचं जहाजाचं काढा, परतीचं मडगावहून कोकण रेल्वेचं. एका रात्रीच्या प्रवासात शरीराला जहाजाची सवय होत नाही, त्याला दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे येताना लागली तर परत जाताना जहाजावरही लागण्याचीच शक्यता जास्त, आणि सुट्टीचे मधले दिवस मुलगा त्याच धास्तीत काढेल.